ज्येष्ठांसाठी ‘सोपा’ केलेला फोन: तीन सोयी तपासून

आईवडिलांच्या फोनमध्ये काय बदल करून दिलेस, असं कुणाही तरुणाला विचारा; उत्तर ठरलेलं असतं, अक्षरं मोठी केली. फोन बनवणाऱ्या कंपन्यांचाही सूर बराचसा तोच. वय झालं म्हणजे डोळे गेले, आणि डोळे गेले म्हणजे आयकन मोठे करा. या परीक्षणात तीन गोष्टी घेतल्या आहेत: सॅमसंगचा ईझी मोड, ॲपलचा असिस्टिव्ह ॲक्सेस, आणि कुठलाही खास मोड न लावता साध्या अँड्रॉइड फोनची सेटिंगं एकेक करून हाताला बसतील अशी करणं. निकाल आधीच सांगून टाकतो. ईझी मोड बरा आहे, पण अर्ध्यावर सोडलेला. असिस्टिव्ह ॲक्सेस तिघांत सगळ्यात विचारपूर्वक केलेला आहे, पण तो ज्यांच्यासाठी आहे ती माणसं वेगळी. तिसरा मार्ग कटकटीचा, दीड-दोन तास खाणारा. बहुतेक ज्येष्ठांना तोच लागू पडतो.

कारण अडचण डोळ्यांपेक्षा बोटांत आहे. आज सत्तरीच्या पुढे असलेल्यांची पन्नाशी उलटल्यावर टचस्क्रीन हातात आला. पहिला आयफोन २००७ चा. त्याआधीची त्यांची सगळी यंत्रं एका बटणाला एक काम या हिशेबाने चालायची. लँडलाइन, टीव्हीचा रिमोट, कॅल्क्युलेटर, टाइपरायटर: बटण नीट दाबलं की काम होणार, नाही झालं तर आणखी जोर लावून दाबायचं. हा हिशेब बोटांत मुरलेला असतो. टचस्क्रीनला मात्र जोर कळत नाही, वेळ कळते. बोट साधारण अर्धा सेकंद टेकून राहिलं की फोन त्याला ‘टॅप’ मानत नाही, ‘दाबून धरलं’ असं समजतो. आणि दाबून धरण्याचं काम अगदीच निराळं असतं.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहा. होम स्क्रीनवर व्हॉट्सॲपचं हिरवं आयकन आहे. आजी त्यावर बोट ठेवून व्यवस्थित दाबतात. फोन बारीक थरथरतो आणि आयकनशेजारी छोटी पाटी उघडते; त्यावर ‘काढा’, ‘अनइन्स्टॉल करा’ असलं काहीतरी. त्या दचकतात, पण बोट उचलण्याऐवजी बाजूला सरकवतात. आयकन बोटासोबत जातं, शेजारच्या आयकनवर पडतं आणि दोघांचं मिळून फोल्डर होतं. संध्याकाळी नातीला निरोप जातो, “व्हॉट्सॲप गेलं.” नात फोल्डर उघडून आयकन ओढून जागेवर आणते. “आजी, इथेच तर होतं की!” दोघींचंही खरं आहे. आजींच्या दृष्टीने ते गेलंच होतं, आणि नातीच्या बोटांना तो अर्धा सेकंद कधी जाणवलेलाच नाही.

ईझी मोडमध्ये याच दुखण्यावर औषध आहे, पण ते मागच्या बाकावर बसवलेलं. सेटिंग्ज, मग डिस्प्ले, मग ईझी मोड. एक बटण सुरू केलं की आयकन आणि अक्षरं मोठी होतात, होम स्क्रीनची मांडणी सुटसुटीत होते, कीबोर्डचे रंग ठळक होतात, आणि दाबून धरण्याची वेळ दीड सेकंदांपर्यंत वाढते. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. दीड सेकंद मिळाला की सावकाश, ठामपणे दाबणारं बोटही ‘टॅप’ म्हणून धरलं जातं, आणि वर सांगितलेला घोळ बहुतांशी थांबतो.

आता उणिवा. ईझी मोड फोनचं दार रंगवतो, आतलं घर तसंच राहतं. बँकेचं ॲप, गाडी बोलावण्याचं ॲप, परवानग्या मागणाऱ्या खिडक्या, वरून टपकणाऱ्या सूचना यांत काहीही सोपं होत नाही. दुसरं, मोड सुरू करताच होम स्क्रीनची मांडणी बदलते. ज्यांनी वर्षभर घालवून ‘तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरं’ असं पाठ केलंय त्यांच्यासाठी हा नवा फोनच झाला. म्हणून ईझी मोड नवा फोन हाती देतानाच लावावा. वापरात असलेल्या फोनवर ‘तुमच्यासाठी सोपं करून दिलं’ म्हणत अचानक लावू नये. तिसरं म्हणजे तो लावूनही आयकन हलू शकतात. होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये मांडणी कुलूपबंद करण्याचा पर्याय आहे, तो स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो. मोडने तो आपणहून का लावू नये, हे कळत नाही.

ज्यांना मोठे आयकन नको आहेत, फक्त वेळ हवी आहे, त्यांनी ईझी मोडच्या वाटेला जायची गरज नाही. सॅमसंगमध्येच सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत (सुगमतेच्या सोयींच्या विभागात) ‘इंटरॅक्शन अँड डेक्स्टेरिटी’ नावाचा भाग आहे. तिथे दाबून धरण्याची वेळ वाढवता येते आणि आणखी दोन सोयी मिळतात. एक, बोट किती वेळ टेकल्यावर त्याला टॅप मानायचं. ओझरता स्पर्श यात वगळला जातो. दोन, लागोपाठ झालेले स्पर्श दुर्लक्षित करणं. हात थरथरणाऱ्यांना दुसरी सोय फार उपयोगाची, कारण एकदा दाबायला गेलं की बोट दोनदा टेकतं आणि निरोप दोनदा जातो किंवा उघडलेलं पान लगेच बंद होतं. दोन्ही आकडे सगळ्यात कमीपासून सुरू करून थोडे थोडे वाढवावेत. एकदम मोठा आकडा ठेवला तर टाइप करताना अक्षरं गळू लागतात आणि पिन घालताना अंक जात नाहीत; मग खापर फुटतं ते वापरणाऱ्यावर. आयफोनमध्ये याच सोयी ‘टच अकोमोडेशन्स’ नावाखाली, ॲक्सेसिबिलिटीतल्या टच विभागात आहेत.

असिस्टिव्ह ॲक्सेस २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर आला. ॲपलने तो बौद्धिक क्षमतेच्या अडचणी असलेल्यांसाठी केला, आणि हे लक्षात ठेवूनच त्याचं माप काढलं पाहिजे. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, असिस्टिव्ह ॲक्सेस असं जाऊन मांडणी निवडायची: ओळींची यादी किंवा मोठ्या चौकोनांची जाळी. मग कोणती ॲप दिसावीत ते ठरवायचं. कॉल, मेसेज, कॅमेरा, फोटो, संगीत यांची खास सोपी रूपं आहेत. प्रत्येक पानावर खाली मोठं ‘मागे’ बटण असतं, नेहमी त्याच जागी. फोन कुणाला लावता यावा आणि कुणाचा यावा, हेही ठरवता येतं. बाहेर पडायला बाजूचं बटण तीनदा दाबून वेगळा पासकोड घालावा लागतो.

त्या ‘मागे’ बटणासाठी ॲपलला पैकीच्या पैकी गुण. चुकलं तर परत फिरायची एक हमखास वाट समोर दिसत असते, म्हणून माणूस चुकायला घाबरत नाही. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यात, पक्षाघातानंतर, किंवा पडद्यावरची गर्दी बघूनच गोंधळणाऱ्यांसाठी याहून चांगलं काही सापडणं कठीण. पण ज्यांचं डोकं तल्लख आहे, फक्त चष्म्याचा नंबर वाढलाय आणि बोट सावकाश चालतं, त्यांना हा मोड लावून देणं हा अपमान आहे. सेटिंगं हातात राहत नाहीत, पासकोड मुलाकडे. खास रूप नसलेली ॲप नेहमीपेक्षा आखूड चौकटीत उघडतात, म्हणजे आतली अक्षरं होती तशीच आणि जागा कमी. सॉफ्टवेअर अपडेट करायलाही मोडमधून बाहेर पडावं लागतं. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाला कुणाशी बोलायचं त्याची यादी मुलाने ठरवून द्यावी, ही सोय त्या माणसाची नव्हे, मुलाच्या काळजीची झाली. तेव्हा लावण्याआधी विचारा. ‘नको’ म्हणाले तर ते उत्तर समजा.

आता तिसरा मार्ग, साध्या अँड्रॉइडचा. सेटिंगांची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, जागा साधारण सारख्याच.

सर्वांत आधी खालची तीन बटणं परत आणा. सिस्टीममधल्या नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये जेश्चरऐवजी तीन बटणांचा पर्याय निवडायचा. कडेवरून आत सरकवलं की मागे, खालून वर सरकवलं की घरी, वर सरकवून थांबलं की उघडी ॲप: हे तरुणांना सुटसुटीत वाटतं, कारण ते खेळता खेळता सापडलेलं असतं. जे दिसत नाही ते सापडणार कसं, हा ज्येष्ठांचा प्रश्न रास्तच आहे. बटण दिसतं, म्हणून आठवतं. सगळ्या बदलांत कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त फरक पाडणारा बदल हाच.

मग अक्षरं, पण एकदम टोकाला नेऊ नयेत. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, आणि त्यात आधीच मोठी असलेली शीर्षकं त्या मानाने कमी वाढतात, त्यामुळे पान पूर्वीइतकं फाटत नाही. तरी इथेच घोडं पेंड खातं: अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार ही दोन वेगळी सेटिंगं आहेत आणि दोन्ही शेवटापर्यंत ओढली की ॲपमधलं ‘पुढे’ हे बटण कीबोर्डखाली गडप होतं. माणूस पैसे पाठवायच्या पानावर अडकतो आणि फोन बिघडला असं समजतो. म्हणून आकार बदलल्यावर रोजच्या वापरातली चार-पाच ॲप उघडून, कीबोर्ड वर आणून, शेवटचं बटण दिसतंय ना ते तपासा. दिसत नसेल तर आधी डिस्प्लेचा आकार एक घर कमी करा, अक्षरांना हात लावू नका. क्वचित कुठे बारीक मजकूर वाचायचा असेल तर भिंगाची सोय आहे. ती तीनदा टॅप करून उघडणारी ठेवू नका, पडद्यावरच्या छोट्या बटणाने उघडणारी ठेवा. तीन टॅपची वाट बघत बसल्यामुळे फोन प्रत्येक साध्या टॅपलाही किंचित उशीर करतो.

उजेडाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वयानुसार बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळट पडतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. फोन खोलीतला उजेड मोजून आपणहून चमक कमी करतो, तेव्हा नातवाला ती पुरेशी वाटते आणि आजोबांना पान राखाडी दिसतं. आपोआप चमक बंद करून पट्टी हाताने वर ठेवा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, उतरू द्या. डार्क मोडचंही असंच. काळ्यावर पांढरी अक्षरं मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पसरट, तेजोवलय आल्यासारखी दिसू शकतात. दोन्ही दाखवा आणि निवड त्यांच्यावर सोडा. फिकट राखाडी अक्षरांपुढे मात्र आपला इलाज नाही. वेबच्या सुगमतेच्या मानकांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका विरोध (कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक) हवा. ‘सौम्य, आधुनिक’ दिसण्याच्या नादात कितीतरी ॲप तो पाळत नाहीत, हा तरुण डिझाइनरांचा शुद्ध आडमुठेपणा आहे. फोनमध्ये ‘हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट’ असेल तर सुरू करून बघा.

वेळेची सेटिंगं तीन. ॲक्सेसिबिलिटीतल्या टायमिंग कंट्रोल्समध्ये दाबून धरण्याची वेळ ‘लांब’ करा. तिथेच, काही सेकंद चमकून गायब होणाऱ्या सूचना जास्त वेळ थांबाव्यात याचीही सोय आहे. आणि पडदा काळा होण्याची वेळ तीस सेकंदांवरून निदान दोन मिनिटांवर न्या. लांब निरोप वाचता वाचता पडदा विझणं, मग पुन्हा कुलूप उघडणं, मग कुठवर वाचलं होतं ते शोधणं, याला कंटाळून वाचन सोडलं जातं.

आवाजात नुसता व्हॉल्यूम वाढवून भागत नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. किणकिणाट करणारी नाजूक रिंगटोन शेजारच्या खोलीतल्या नातीला ऐकू येते आणि फोनजवळ बसलेल्याला नाही. खालच्या पट्टीतली, जाड आवाजाची रिंगटोन निवडा. बोलण्यातले स, श, च, फ हेही उंच पट्टीतले, म्हणून ‘आवाज येतोय पण कळत नाही’ ही तक्रार खरी असते. तेव्हा ओरडण्यापेक्षा सावकाश बोललेलं जास्त कळतं. एका कानाने कमी ऐकू येत असेल आणि इअरफोन वापरत असतील तर ‘मोनो ऑडिओ’ सुरू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज चांगल्या कानात एकत्र येतो.

बोटांचं आणखी एक. टचस्क्रीन बोटातून होणाऱ्या विद्युतभाराच्या बदलावर चालतो. वयामुळे त्वचा कोरडी पडते, त्यात जाड स्क्रीनगार्ड असला की स्पर्श लागतच नाही, आणि माणूस जोर वाढवत जातो. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनगार्डसाठी स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायचं सेटिंग असतं; नसेल तर पातळ गार्ड लावा. बोटांच्या ठशाच्या रेषाही झिजतात. ठसा वारंवार नाकारला जात असेल तर तेच बोट दोनदा नोंदवा, आणि पिन वहीत लिहिलेला असू द्या. पिन लिहू नये हा नियम कार्यालयात ठीक. घरात कपाटात ठेवलेल्या वहीपेक्षा विसरलेल्या पिनचा धोका मोठा.

होम स्क्रीन एकच ठेवा, त्यावर सहा ते आठ आयकन. डावीकडे सरकवल्यावर येणारं बातम्यांचं पान बंद करा, खेळ आणि खरेदीच्या ॲपच्या सूचना बंद करा. मराठी लिहायला जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये भाषा, कीबोर्ड जोडा, मराठी असं जाऊन हस्तलेखनाचा पर्याय निवडता येतो. बोटाने अख्खा शब्द लिहिला की तो छापील होऊन येतो. ज्यांनी कधी रोमन अक्षरांतून मराठी लिहिलं नाही त्यांना ही सोय लगेच भावते, जोडाक्षरं शोधत बसावं लागत नाही. बोलून लिहिण्याची सोयही आहे. नावं आणि आकडे मात्र पाठवण्याआधी वाचून घ्यावेत.

व्हॉइस मेसेज हा तर दोन पिढ्यांचा खरा पूल, आणि त्यातही दाबून धरण्याचीच मेख. माइक दाबून बोलायचं, मध्येच बोट निसटलं की अर्धाच निरोप जातो. माइक दाबून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, मग हात मोकळा ठेवून निवांत बोलता येतं आणि शेवटी बाण दाबून पाठवता येतं. ही एक गोष्ट शिकवायला बाकी सगळ्यांहून जास्त वेळ द्या. (पलीकडे तो निरोप दीडपट वेगाने ऐकला जातो, हे आजोबांना सांगायची गरज नाही.)

स्मार्टफोन नकोच म्हणणाऱ्यांसाठी मोठ्या बटणांचे कीपॅड फोन आहेत. स्वीडनची डोरो आणि ऑस्ट्रियाची एम्पोरिया या कंपन्या यातच मुरलेल्या. घेताना तीन गोष्टी बघा. फोन ४जीवर आवाजी कॉल करू शकतो ना, कारण जुनी नेटवर्क अनेक देशांत बंद झाली आहेत. सोबत चार्जिंगची बैठक येते का. बारीक पिन बारीक खाचेत घालण्यापेक्षा फोन नुसता बैठकीत ठेवणं केव्हाही सोपं. आणि श्रवणयंत्र असेल तर फोन त्याच्याशी जुळतो असं खोक्यावर किंवा माहितीपत्रकात नमूद आहे का. मागच्या बाजूचं एसओएस बटण (संकटात मदत मागण्याचं) चांगलंच, पण खिशात चुकून दाबलं जातं. किती वेळ दाबल्यावर चालतं ते आधी तपासा आणि ज्यांचे नंबर त्यात घातलेत त्यांना तसं सांगून ठेवा.

सुरक्षिततेचं थोडक्यात. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत अनोळखी कॉल गप्प करा, ग्रुपमध्ये कुणी घालावं ते ‘माझे संपर्क’ इतकंच ठेवा, आणि सहा अंकी टू-स्टेप पिन लावा. फोनवरच्या गूगल खात्याच्या रिकव्हरीसाठी मुलाचा नंबर दिला असेल तर मुलाने नंबर बदलताना तोही बदलायचा असतो. हे हमखास राहून जातं. दुरून मदतीसाठी व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन दाखवता येते, आणि ती दुसऱ्याच्या फोनवर दुरून ताबा देणाऱ्या ॲपपेक्षा बरी, कारण बोट त्यांचंच चालतं. पण भामटेही नेमकी हीच विनंती करतात. म्हणून नियम एकच सांगा: स्क्रीन दाखवायची ती फक्त आपण स्वतः फोन लावलेल्या घरच्या माणसाला, आणि तेव्हा बँकेचं ॲप आणि ओटीपीचे मेसेज उघडायचे नाहीत.

सगळं लावून झालं की फोन त्यांच्या हातात द्या आणि स्वतःचे हात मागे घ्या. शिकवताना नातवाचं बोट इतकं झरझर फिरतं की बघणाऱ्याला फक्त शेवटचं पान दिसतं. पायऱ्या वहीत लिहा, त्याही त्यांच्या शब्दांत आणि शक्य तर त्यांच्याच हाताने: ‘हिरवा गोल, आत पांढरा फोन, तो दाबायचा.’ आयकनचं नाव लिहून उपयोग नाही, ते कसं दिसतं ते लिहा. आणि अपडेट रात्री आपोआप होऊ देऊ नका. लांबवूही नका, सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते. पुढच्या भेटीत सोबत बसून अपडेट करा, मग वही उघडून पायऱ्या एकेक करून बघा, आणि जिथे बटणाची जागा बदलली असेल तिथे जुनी ओळ खोडून नवी लिहा.